दार उघडलं होतं

जितू दादा,

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर माझे पाय आपोआप नंदुरबारच्या बसस्टँडकडे वळले. विसरवाडीची गाडी लागलेली होती. तो उंच कंडक्टर आता मला ओळखतो. "चढा ना ताई, जागा शे," म्हणाला. मी नुसती मान हलवली. गाडी निघून गेली आणि मी बाकावर तशीच बसून राहिले. हॉस्टेलवर जावंसं वाटेना. तिथल्या मुली चांगल्या आहेत, जपून बोलतात. "चुलतभाऊ होता ना?" असं विचारतात. सख्खा नव्हता ना, असं त्यांना म्हणायचं असतं. मी हो म्हणते. पुढचं त्यांना कसं सांगू? कापसाच्या खोलीत आपण दोघंच होतो, आणि आता त्या खोलीत मी एकटीच उरले आहे, हे कोणाला सांगितलं तर ते काय समजतील?

हायवेवर काय झालं, ट्रक कुठल्या बाजूने आला, हे सगळ्यांनी सांगून झालंय. जो येतो तो नव्याने सांगतो. मी ते लिहिणार नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे, कारण ते अर्धवट राहिलं. दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून आधी थोडं मागचं सांगावं लागेल. तुला ते सगळं माहीत आहे. तू तोवर थांब.

मी दुसरीत होते, तू सहावीत. आपलं गाव तापीकाठचं, शहाद्याकडचं. थंडीत आपल्याकडे प्रत्येक घरात एक खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असायची, भाव चढायची वाट बघत. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नाना, म्हणजे तुझे वडील, पॅनल घेऊन उभे राहिले आणि हरले. निकालाच्या दुपारी जिंकलेल्यांची मिरवणूक आपल्या गल्लीत आली. ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर, फटाक्यांच्या माळा, गोण्या फोडून उधळलेला गुलाल. ती आपल्या दारासमोर थांबली ती पुढे सरकेचना. आधी शिव्या झाल्या, मग दगड. नाना बाहेर गेले आणि त्यांचं डोकं फुटलं. मोठ्या मायने, तुझ्या आईने, आपल्या दोघांना दंडाला धरून ओसरीवरच्या कापसाच्या खोलीत नेलं. दोन्ही हातांनी कापूस उकरला, आपल्याला आत घातलं आणि वरून कापूस लोटला. "बोलानं नही. मी उनूच," एवढं म्हणून ती गेली.

मोठ्या मायला कापूस ठाऊक होता. तो मऊ असतो, त्यात दगड लागत नाही, बाहेरचा आवाज येत नाही. दुपारी डोकं दुखलं की ती स्वतः त्या खोलीत जाऊन पडायची. कापूस पेटतो, हे त्या घाईत तिच्या मनात आलंच नाही. नानांची मोटरसायकल लोकांनी अंगणात पेटवली, तेव्हा ते तिच्या लक्षात आलं. तोवर ती बायकांबरोबर मागच्या वाड्यात अडकली होती आणि मधलं घर माणसांनी भरलं होतं. ती ओरडत होती म्हणे. स्पीकरपुढे कोणाला ऐकू जाणार?

तेव्हापासून आपल्या घरात कापूस येत नाही. शेतातूनच गाडी भरून जाते, भाव असो नसो. नाना दरवर्षी चिडतात, "सगळं गाव थांबस, आपलीच घाई!" मोठी माय गाडी वाकणाच्या पलीकडे जाईपर्यंत बांधावर उभी असते.

खोली पेटली नाही. संध्याकाळी आपल्याला बाहेर काढलं तेव्हा तुझ्या केसांत, भुवयांत कापूस होता आणि अंगभर खाज. तू पहिलं वाक्य बोललास ते, "दार उघडनं व्हतं."

कोणीतरी दार उघडलं, असं तू सांगितलंस. उजेड आत आला आणि दारात एक माणूस होता. केस, कपाळ, सदरा सगळं गुलालाने भरलेलं. फक्त डोळे आणि दात दिसत होते. तो तुझ्याकडे बघत राहिला. मग दार बंद झालं आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. हे तू त्या दिवशी सांगितलंस, दुसऱ्या दिवशी सांगितलंस, वर्षभर सांगत राहिलास. मोठी माय म्हणायची, "कोणी उना नही. कडी मीच लाई व्हती." नाना म्हणायचे, "आत कोणी उना असता तर त्यानी खोली पेटाई दिन्ही असती. तू आज आठे ऱ्हाता का?" हा पुरावा सगळ्यांना पटला. मलाही पटला. मी तुझ्या शेजारीच होते ना. मला ना उजेड दिसला, ना कडी ऐकू आली.

आपलं भांडण एवढंच. दार उघडलं होतं की नाही.

शाळेत तू दाराजवळची जागा सोडत नव्हतास. सरांनी एकदा तुला उचलून मागच्या भिंतीला बसवलं आणि बाहेरचा गोंगाट येतो म्हणून दार लावलं. तू बसल्या जागी चड्डी ओली केलीस. सहावीतला मुलगा. त्यानंतर पोरं तुझ्यामागे ओरडायची, "जितू, दार उघडनं रे!" आणि पळायची. मी दुसरीतली, मला वाटायचं तो एखादा खेळ आहे. एकदा मीही त्यांच्याबरोबर पळाले. तू मला मारलं नाहीस. माझ्या दप्तराचा बंद सुटला होता, तो बांधून दिलास.

मग भगताकडे नेलं. दंडाला ताईत आला. "बाहेरचं लागेल शे," असं आजूबाजूला पसरलं आणि ते तुझ्या नावाला कायमचं चिकटलं. तू मोठा झालास, हाताला काम आलं, तरी गावात तुझी ओळख तीच राहिली. त्याले भास व्हतस. चांगला शे, पन जरा असा शे.

पुढच्या निवडणुकीला गाव एक झालं. केस मागे घेतली गेली. नाना आणि समोरच्या घरातले रतन आबा एकाच पॅनलमध्ये आले. रतन आबा म्हणजे त्या दिवशी मिरवणुकीच्या पुढे नाचणारे. निवडणूक बिनविरोध झाली आणि मारुतीच्या देवळापुढे वरण-बट्टीच्या पंगती बसल्या. नाना वाढायला, आबा वाढायला. तुला माझ्या शेजारी बसवलं होतं. तू पानाकडे बघतच नव्हतास. समोरच्या पंगतीतल्या माणसांच्या तोंडांकडे बघत होतास, एक झाला की पुढचा. मग उठून पळालास. पान तसंच राहिलं. नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "आते काय करू या पोराले? सगळं मिटनं तरी यानं नही मिटत."

ते खरंच होतं. मोठ्यांचं मिटलं. आपलं मिटलं का, हे कोणी विचारलं नाही.

पंगतीत तू काय बघत होतास हे मला फार उशिरा कळलं. विसरवाडीला तुझ्या पंक्चरच्या दुकानात तू ते सहज सांगितलंस, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता. "गुलालमा सगळासना एकच चेहरा व्हस. तो कोण व्हता ते माले माहीत नही. म्हनीसन तो कोणी बी असू शकस. दूधवाला, मास्तर, मामा. ज्याले राम राम करस तो बी." तू माणसांचे दात बघायचास. गावातल्या प्रत्येक माणसाचे. आणि कोणाबद्दलच तुझी खात्री होत नव्हती. अशा गावात कसं राहायचं?

म्हणून तू दूर गेलास. नातेवाईक म्हणायचे की घरची शेती सोडून हा हायवेवर पंक्चर काढत बसलाय. मला ते दुकान आवडायचं. चार खांब, वर पत्रा, भिंत एकही नाही. पुढून ट्रक दिसायचे, मागून शेतं. तू म्हणायचास, "आठे दार लावानं कोणी ठरावं तरी लावता येनार नही."

मी घरातली कॉलेजला जाणारी पहिली. प्रवेशाच्या दिवशी माझी पेटी तू आणलीस, ऑफिस कुठे हे तू विचारलंस, आणि आत जायची वेळ आली तेव्हा "तू जाय, मी आठेच शे," म्हणून फाटकाबाहेर उन्हात उभा राहिलास. तुला लाज वाटते असं मला वाटलं. आत गेल्यावर बघितलं, ऑफिसचं दार स्प्रिंगचं होतं. आपोआप लागायचं. तू बाहेरूनच ते बघितलं होतंस. तरी माझ्यासाठी तिथवर आलास.

मग रविवार सुरू झाले. खांडबाऱ्याला गाडी थांबली की मी तुला फोन करायची, आणि मी पोचेपर्यंत शेजारच्या टपरीवरून चहा आलेला असायचा. ट्रकवाल्यांना तू माझी ओळख करून द्यायचास, "आमनी बहीण शे. मननी डॉक्टर व्हई ऱ्हायनी."

"मंग पहिले तुलेच भरती करी लेवाले पाहिजे ना," एक जण म्हणाला.

"माले कसाले? हाऊ तीन दिवस झोपना नही अन् गाडी चालावस. याले भरती कर, कोमल."

मी हसायची. मी डॉक्टर नाही, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र हा एक विषय आहे एवढंच, हे सांगायची माझी हिंमत व्हायची नाही. तू इतक्या अभिमानाने सांगायचास.

त्या शेवटच्या रविवारी मी तुला समजवायला निघाले होते. आमच्या वर्गात लहानपणीच्या भीतीबद्दल शिकवलं होतं. खूप घाबरलेल्या मुलाचं मन कधी कधी स्वतःच चित्र तयार करतं आणि ते त्याला खरं घडल्यासारखं आठवतं, असं काहीसं. मला वाटलं, हे तुला सांगितलं तर तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. तुझा दोष नाही, तो माणूस नव्हताच, आता कोणाचे दात बघायची गरज नाही. मी चांगल्या मनाने सांगत होते, दादा. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस,

"तुन्हा पुस्तकवाला त्या खोलीमा व्हता का?"

मला हसू आलं. तू हसला नाहीस.

"मी तर व्हतू ना," मी म्हटलं.

"तू कपाशीमा पुरी बुडेल व्हती. मन्हं तोंड भाईर व्हतं." ट्यूबवर पॅच ठेवून तू अंगठ्याने दाबत राहिलास. "तू आजून कपाशीमाच शे, कोमल. तुले ते समजत नही."

मला राग आला. मला काय झालंय? मी शिकते, चार मुलींत राहते, पास होते. ते सगळं मी तुला ऐकवलंसुद्धा. तेवढ्यात माझी गाडी आली. "पुढला रविवारले बोलूत," तू म्हणालास आणि माझी पिशवी खिडकीतून आत दिलीस.

गाडीत मी विचार करत बसले. हॉस्टेलमध्ये मे महिन्यातही मी डोक्यावरून चादर घेऊन झोपते. मुली हसतात. आणि कुठे फटाक्यांची माळ लागली की मला ऐकूच येईनासं होतं. कान बंद होतात, समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं होतं. हे मी तुला पुढच्या रविवारी सांगणार होते.

पुढचा रविवार आला नाही.

तुला पोचवून माणसं परत आली तेव्हा कडू घास समोरच्या घरातून आला, रतन आबांच्या. चूल त्यांनी पेटवली होती, पिठलं-भाकरी आबांच्या बायकोने आपल्या ओट्यावर आणून सगळ्यांच्या हातात दिली. "खाय बाई, दोन घास तरी खाय." मी खाल्ले. आबांनी तुला खांदाही दिला होता, वेशीपासून नदीपर्यंत, दुसऱ्या कोणाला बदलू दिलं नाही. लोक म्हणत होते, माणूस असावा तर असा.

दारावर सांत्वनाला माणसं येत होती. लांबलेली निवडणूक यंदा आहे, त्यामुळे जरा वेळ हळहळ झाली की बोलणं पॅनलवर जायचं. कोण कोणाकडून उभा राहतोय. नाना त्यांत बसून नुसते ऐकायचे. मी चहा-पाणी देत फिरत होते. मला बोलायला तिथे कोणी नव्हतं. जो भेटे तो तुझ्याबद्दल बोलताना आवाज खाली करून म्हणायचा, "लहानपणपासूनच जरा तसाच व्हता ना तो." जणू त्या ट्रकचंही कारण तेच.

एका दुपारी सगळे उठून गेले, आबा तेवढे ओसरीवर बसून राहिले. त्यांच्यासमोरच ती खोली. आता तिथे खताच्या गोण्या असतात. मी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आठेच ऱ्हाये ना कपाशी?" आबांनी विचारलं.

"हां आबा."

"त्या कोपराले. खिडकीखाले." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "इतलंसं तोंड भाईर. डोळा असा ताणेल."

मला आधी कळलंच नाही ते काय बोलताहेत. मग कळलं.

"तुम्हले काय माहीत, आबा?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"दार मीच उघडं व्हतं," ते म्हणाले. "मन्हा मांगे चार पोऱ्हे व्हतात. दारू पियेल. एकना हातमा पेटेल बोळा. मी आत देखं तर कपाशी, अन् कपाशीमा हाऊ. तू नही देखाई माले. मी दार लोटं, कडी लाई दिन्ही. त्यासले सांगं, आठे नुसत्या गोण्या शेतस, चाला भाईर. मंग त्या मोटरसायकलकडे वळनात."

बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली. 

"मंग इतला वरीस का नही सांगं?"

"काय सांगू? दार उघडं म्हनं तर घरमा शिरना व्हतू हाई बी कबूल करनं पडतं. केस चालू व्हती. मंग मिटनं. मिटेल गोष्ट कोण उकरस, बाई?"

"त्याले सगळा येडा म्हनेत. तुम्ही ऐकी ऱ्हायंतात ना?"

आबांनी मान खाली घातली. "तो मन्हा दातसकडे देखे. माले समजे. मी त्यान्हासमोर हासनं सोडी दिन्हं व्हतं."

दादा, मला वाटलं होतं हे ऐकून मला खूप राग येईल, नाहीतर त्यांच्या पाया पडावंसं वाटेल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. त्यांनी आपल्याला वाचवलं. त्या पोरांना आपल्या घरात घेऊन आलेही तेच. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली की मला तिसरं सुचत नाही. ज्या कडीने तू जगलास, तिचाच आवाज तू जन्मभर ऐकत राहिलास. आणि मी ओसरीवर उभी राहून पहिला विचार काय केला असेल? हे जितू दादाला सांगितलं पाहिजे. फोन हातात घेतलासुद्धा.

मी आबांना एकच म्हटलं. सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडपात सगळे बोलतात, तेव्हा तुम्ही एवढंच सांगा की तो खरं सांगत होता. बाकी काही नका सांगू. ते "देखसू" म्हणाले आणि टोपी घालून गेले.

मोठी माय मागे गहू निवडत बसली होती. निवडायची काही गरज नव्हती, पण तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत. मी शेजारी बसून गव्हात हात घातला. आबांचं सगळं सांगितलं. ती खडे बाजूला काढत राहिली.

"माय, कडी तू लाई व्हती ना?"

"नही वं. मी दार नुसतं लोटेल व्हतं. कडी लावाले हात कोठे थांबना?"

"मंग तू त्याले कसाले सांगे, मी लाई व्हती म्हनीसन?"

"संध्याकाळी कडी काढी तव्हयच माले समजनं कोणी तरी येल व्हता." तिने सूप खाली ठेवलं. "पन त्याले झोप येवाले पाहिजे व्हती ना, बाई. कोणी उना व्हता अशी म्हनती, तर तो झोपता का?"

तिने सूप पुन्हा उचललं.

"तरी नहीच झोपना."

मी तुझ्या बाजूने भांडायला हवं होतं कदाचित. पण तिच्या जागी मी असते तर मी काय सांगितलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तरी पुस्तक घेऊन तुला तेच सांगायला आले होते ना? तुला झोप यावी म्हणूनच.

गंधमुक्तीला मंडप भरला होता. माईक पुढून मागे फिरत होता. सरपंच बोलले, तुझे मामा बोलले, शाळेतले सर बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग माईक रतन आबांकडे गेला. ते उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांनाही ते माहीत होतं. "जितू," ते म्हणाले आणि थांबले.  "चांगला पोरगा व्हता. देव त्यान्हा आत्माले शांती देवो." माईक त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिला आणि बसले.

आपल्याकडे अशा ठिकाणी मुली बोलत नाहीत. कोणी मनाई करत नाही, पण माईक बायकांच्या बाजूला येतच नाही. मी उठून पुरुषांच्या बाजूला गेले. ज्याच्या हातात माईक होता त्याला वाटलं मी नावाची चिठ्ठी द्यायला आलेय. मी हात पुढे केला. त्याने दिला. मी मंडपाचा बांबू धरला. घरातली भाषा तोंडात आलीच नाही, शाळेतली आली.

"जितू दादा खोटं बोलत नव्हता," मी म्हणाले. "लहान होता तेव्हासुद्धा."

 मी माईक परत दिला.

सगळ्यांनी मान हलवली. मेलेल्या माणसाबद्दल कोणी चांगलं बोललं की हलवतात तशी. मागून सर कोणाला तरी म्हणाले, "प्रामाणिक व्हता, हाई खरं शे." मग माईकवरून लांबून आलेल्या पाहुण्यांना जेवायला बसायची विनंती झाली. एवढ्या माणसांत माझं वाक्य फक्त दोघांना कळलं. आबा मंडपातून उठून चपला शोधायला लागले. मोठ्या मायने डोळ्यांवर आलेला पदर मागे घेतला आणि सगळं होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

भांडण मी हरले, दादा. हरल्याचं ज्याला सांगायचं तो तूच होतास. तू असतास तर कंबरेवर हात ठेवून म्हणाला असतास, "इतलंच बोलनी? इतलं शिकीसन?"

हो, इतकंच. लोकांसमोर इतकंच जमलं. बाकीचं सगळं मला तुझ्याशी भांडून बोलायचं होतं.

तुझी,
कोमल